गळानें मासे धरण्याचें साहित्य

आमच्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. धानाच्या बांध्यांना पाणी मिळावें म्हणून कोहळी लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं जागोजागीं मातीच्या पाळी घातल्या, आणि त्या पाळींमागें सांठलेलें पाणी आजहि गांवोगांव दृष्टीस पडतें. पुढें हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, म्हणून आतां त्यांस माजी मालगुजारी तलाव, व बोलण्यांत थोडक्यांत 'मामा तलाव' असें म्हणतात. साकोली तालुक्यांतला शिवनीबांध आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. नवेगांवबांधहि एके काळीं आपल्याच जिल्ह्यांत होता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हां तो तिकडे गेला. अशा मुलुखांत वाढणाऱ्या मुलांस गळाचा नाद लागावा, यांत नवल नाहीं.

दिवाळीची सुटी जवळ आली कीं वर्गांतलीं मुलें मला विचारूं लागतात, "सर, रोहू धरायला काय काय लागतें?" गेल्या वर्षीं तर एका पालकांनीं दुकानदाराची लांबलचक यादी माझ्यापुढें ठेवली आणि यांतलें खरोखर काय घ्यावें, असें विचारिलें. त्यांना तोंडीं जें सांगितलें तेंच येथें सविस्तर लिहितों. परंतु यादीकडे वळण्यापूर्वीं, साहित्याचा विचार करावयास मला कोणीं शिकविलें, हें सांगणें अवश्य आहे.

मी नुकताच पदवीधर होऊन नोकरीस लागलों होतों. एका रविवारीं दुपारीं जवळच्या एका तलावावर गळ घेऊन बसलों. दोरी मागच्या वर्षाची होती. वर्षभर ती खिडकींत उन्हांत लोंबत राहिली होती. तीच काठीस बांधून मी निघालों. घटकाभरानें मोठा रोहू लागला. त्यानें एकच हिसका दिला, आणि दोरी मध्येंच तुटली. मी हंसत म्हणालों, "गेला बुवा!" जवळच डोंग्यांत एक वृद्ध धिवर जाळें झाडीत बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, गेला नाई जी तो. तोंडात गळ घेऊन कुटं जाईन? चार दिवस खानार नाई, मंग मरन. तुमाले दिसनार नाई, एवढंच."

चौथ्या दिवशीं त्यांनीं एका मुलाच्या हातीं कागदाची एक पुडी मजकडे पाठविली. तींत माझा गळ होता. तुटलेली दोरी कमळाच्या देंठांत अडकून तो मासा तेथेंच मेला होता. त्या तलावांत माशांचें बीं धिवरांच्या संस्थेनें पदरचे पैसे घालून सोडलेलें होतें. निरोप कांहीं नव्हता. नुसता गळ होता. तो अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे.

त्या दिवसापासून साहित्याची पारख मी दोन प्रश्नांनीं करूं लागलों. लागलेला मासा या साहित्यानें लवकर व धडका कांठाशीं येईल काय? आणि तो धरणारा मुलगा संध्याकाळीं धडका घरीं येईल काय? या दोहोंस जें उपयोगी पडतें तें अवश्य, बाकीचें ओझें.

मासा कसा आहे.— साहित्य निवडण्यापूर्वीं ज्याच्यासाठीं तें घ्यावयाचें तो प्राणी ओळखावा. आपल्या तलावांतले रोहू, कतला व मृगळ हे तिन्ही कार्प कुळांतले होत. सायप्रिनस नांवाचा परदेशी कार्पहि आतां त्यांच्या जोडीस आढळतो. तो १९३९ सालीं सिंहलद्वीपांतून निलगिरी पर्वतांत आणिला गेला, व १९५७ सालीं त्याचा दुसरा वाण बँकॉकहून कटक येथें आला. कतल्याचें डोकें मोठें व तोंड वर वळलेलें असतें, कारण तो पाण्याच्या वरच्या थरांत चरतो. रोहूचा ओठ झालरीसारखा असून तो मधल्या थरांत फिरतो. मृगळ व सायप्रिनस तळ धुंडाळितात. तेव्हां आमिष किती खोल सोडावयाचें, हें कोणता मासा हवा यावरून ठरतें.

या कुळाच्या जबड्यांत दांत नसतात. दांत घशांत असतात, व त्यांनीं तो दाणा भरडतो. म्हणून मरळीसारखी तो झडप घालीत नाहीं. आमिष ओठांनीं चोखून पाहतो, आणि संशय आला कीं थुंकून टाकितो. गळ बेताचा, आमिष मऊ व दोरी फार जाड नसावी, याचें कारण हेंच. दुसरी गोष्ट अशी कीं, त्याच्या पोटांत हवेची एक पिशवी असते, व बारीक हाडांची एक सांखळी त्या पिशवीचें कंपन कानापर्यंत पोंचविते. त्यामुळें पाळीवर आपटलेलें पाऊल त्यास पाण्यांत कळतें. मौन व हलकें पाऊल हें पहिलें साहित्य, आणि त्यास पैसे पडत नाहींत.

परवानगी.— दुसरें साहित्य म्हणजे परवानगीची चिठ्ठी. पुष्कळांस वाटतें कीं तलाव सर्वांचा, तसे मासेहि सर्वांचे. तसें नाहीं. रोहू, कतला व मृगळ हे मासे तलावाच्या स्थिर पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांस पुराचें वाहतें पाणी लागतें. म्हणून पूर्वीं पावसाळ्यांत नद्यांतून बीं गोळा करून तलावांत सोडीत. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माशांच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालविलीं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळितात. आज मिळणारें बहुतेक बीं असेंच माशांस टोंचून तयार होतें, व तें विकत आणावें लागतें. आपल्याकडील पुष्कळ तलाव धिवर बांधवांच्या सहकारी संस्थांनीं मासेमारीसाठीं ठेक्यानें घेतलेले असतात. तेव्हां तुमच्या गळास लागणारा मासा कोणाच्या तरी घरचें पीक आहे. शेतांतल्या ओंब्या विचारल्यावांचून कोणी तोडीत नाहीं. येथेंहि तोच न्याय. संस्थेच्या अध्यक्षांकडे जाऊन नम्रपणें विचारावें, ते सांगतील ती रक्कम द्यावी, आणि ते दाखवितील त्याच जागीं बसावें. सुरुंग लावून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

काठी.— आपल्या जंगलांतला बांबू बराच भरीव असतो. लाठीस तो जसा चांगला, तसाच गळाच्या काठीसहि. बाजारांतून दहा ते बारा फूट लांबीचा, सरळ, न किडलेला बांबू पाहून घ्यावा व कांहीं दिवस सावलींत वाळवावा. शेंड्यास अर्धा किलो वजन बांधून काठी उचलून पाहावी. वरचा तिसरा हिस्सा धनुष्यासारखा वांकला आणि वजन काढतांच सरळ झाला, तर काठी चांगली. जी वांकतच नाहीं ती दोरी तोडते. जी बुडापासून वांकते ती मासा आवरीत नाहीं. दुकानांत मिळणाऱ्या कार्बनच्या काठ्या हलक्या असतात, परंतु त्यांतून विजेचा प्रवाह वाहतो. ओला बांबूहि त्या बाबतींत निर्धास्त नव्हे. म्हणून विजेच्या तारांखालीं कोणतीहि काठी उभी धरूं नये, आणि आभाळ गडगडूं लागतांच काठी जमिनीवर आडवी ठेवून पाळीवरून खालीं उतरावें व पक्क्या घराचा आश्रय घ्यावा. झाडाखालीं उभें राहूं नये.

चक्री.— नुसत्या काठीच्या शेंड्यास दोरी बांधूनहि मासे धरितां येतात; लहान माशांस तेवढें पुरे. परंतु दोन-तीन किलोंचा रोहू धांवूं लागला म्हणजे त्यास दोरी सोडावी लागते, व ती सोडण्यास चक्री हवी. पालकांनीं एकाच वस्तूवर खर्च करावयाचा असेल तर तो हिच्यावर करावा. साधी, बळकट, शंभर मीटर दोरी मावेल अशी चक्री पुरते. काठीवर तारेच्या पांच-सहा कड्या सुतानें घट्ट बांधून त्यांतून दोरी ओवावी. चक्रीचा आवळ असा ठेवावा कीं, दोरी जितकें वजन पेलते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओढा बसतांच चक्री फिरावी. मासा ओढील तेव्हां ओढूं द्यावा, थांबेल तेव्हां गुंडाळावें. येथें बळापेक्षां धीर कामास येतो.

दोरी.— माझी चूक येथें झाली होती, म्हणून या विषयावर थोडें अधिक लिहितों. पूर्वीं गळाच्या दोऱ्या रेशमाच्या असत, आणि गळाजवळचा शेवटचा तुकडा रेशमाच्या किड्याच्या ग्रंथींतून ओढून काढलेल्या तांतीचा असे. कोशाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यास याचें विशेष वाटूं नये. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरदर्स यांनीं नायलॉनचा शोध लाविला, आणि हळू हळू रेशमाची जागा नायलॉननें घेतली. आपल्या तलावांसाठीं ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीची दोरी योग्य होय. परंतु नायलॉन उन्हानें कुजतें; वरून तें नव्यासारखें दिसतें, आणि आंतून दुबळें झालेलें असतें. म्हणून दोरी अंधारांत ठेवावी व दर वर्षीं नवी घालावी. निघण्यापूर्वीं हातभर दोरी दोन्ही हातांभोंवतीं फडकें गुंडाळून जोरानें ओढून पाहावी. गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी. कोरडी गांठ आवळतांना नायलॉन तापतें व तेथेंच दुबळें होतें.

दोरीचा एकहि तुकडा तलावावर टाकूं नये. महाराष्ट्रांत सारस पक्षी मोजकेच उरले आहेत, आणि ते मुख्यतः गोंदिया व भंडारा याच भागांत. धानाच्या बांधींत व तलावाच्या कांठीं चरणाऱ्या पक्ष्याच्या पायांत नायलॉनचा फांस बसला तर तो त्यास सोडवितां येत नाहीं. तुकडे ठेवण्यास आगपेटीची रिकामी डबी बरोबर घ्यावी.

गळ.— गळांचे क्रमांक उलटे असतात. अंक जितका मोठा तितका गळ लहान. रोहू व मृगळ यांस सहा ते आठ क्रमांकाचा गळ पुरतो. टोंक नखावर हलकेंच टेंकवावें. तें नखावर अडलें तर धार आहे, घसरलें तर गळ बदलावा. टोंकाजवळ जो उलटा कांटा असतो तो पकडीनें दाबून बसवावा. मुलें म्हणतात, "सर, मग मासा सुटेल!" दोरी ताणलेली ठेविली तर सहसा सुटत नाहीं, आणि दुर्दैवानें दोरी तुटलीच, तर असा गळ माशाच्या ओठांतून कधीं तरी गळून पडण्याचा संभव असतो. तुमच्या स्वतःच्या बोटांत गळ शिरला तरी त्या वेळीं याच खबरदारीचे तुम्ही आभार मानाल.

तरंग व शिसें.— आमिषाची हालचाल कळावी म्हणून दोरीस हलका तरंगता तुकडा बांधितात. मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा देंठ किंवा ज्वारीच्या धांड्याचा वीतभर तुकडा यांहून चांगला तरंग दुकानांत मिळत नाहीं. त्याचें फक्त टोंक पाण्यावर दिसेल इतकेंच शिसें खालीं लावावें. तरंग जड असला तर माशास ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकून टाकितो. शिशाची गोळी दांतांनीं चावून बसविण्याची मुलांस संवय असते. शिसें विषारी आहे; तें पकडीनेंच बसवावें, आणि हात धुतल्यावांचून भाकरीस हात लावूं नये.

आमिष.— हें सर्व घरांतच मिळतें. कणीक व भाजून कुटलेली जवसाची ढेप समभाग घेऊन पाण्यांत घट्ट मळावी. चिमूटभर हिंग घातला तर वास दूरवर जातो. बोराएवढी गोळी गळावर अशी बसवावी कीं टोंक किंचित् बाहेर राहील. मृगळ व सायप्रिनस यांस गांडूळहि आवडतें. बसण्याच्या जागीं आधीं धानाचा कोंडा व ढेप यांचे दोन-तीन लाडू पाण्यांत टाकावे, म्हणजे मासे जमतात. दोन-तीनच, टोपलीभर चारा टाकिला तर तो तळाशीं कुजतो व पाणी बिघडवितो.

हातजाळें, पकड व ओलें फडकें.— मासा दोरीनें उचलून पाळीवर आपटणें हें अडाणीपणाचें आहे. पुष्कळदां दोरी त्याच वेळीं तुटते. लांब दांड्याचें हातजाळें आधीं पाण्यांत बुडवून धरावें व दमलेला मासा त्यावर आणावा. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचें रोगांपासून रक्षण करितो. कोरड्या हातानें तो निघून जातो. म्हणून हात ओले करावे, मासा ओल्या फडक्यावर ठेवावा, आणि चिमट्यानें किंवा पकडीनें गळ काढावा. घरीं न्यावयाचा असेल तर डोक्यावर एकच जोराचा घाव घालून त्यास तत्काळ मारावें; टोपलींत तडफडत ठेवूं नये. सोडावयाचा असेल तर दोन्ही हातांनीं पाण्यांत धरून ठेवावा, व तो आपण होऊन निघाला म्हणजे जाऊं द्यावा. लहान मासे नेहमींच सोडावे. पावसाळा लागला कीं माद्या अंड्यांनीं भरलेल्या असतात. त्या दिवसांत गळ घरींच बरा.

मुलगा घरीं यावा म्हणून.— आतां जें लिहितों तें दुकानदाराच्या यादींत नसतें, म्हणून पालकांनीं तें विशेष लक्षपूर्वक वाचावें. पंधरा मीटर लांबीचा बळकट दोर घ्यावा आणि त्याच्या एका टोंकास झांकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधावा. हा डबा तरंगतो. कोणी पाण्यांत पडला तर डबा त्याच्याकडे फेंकावा व कांठावर पालथें पडून दोर ओढावा. पाठोपाठ उडी मात्र घालूं नये, मग पोहतां येत असो वा नसो. तलावाचा तळ नदीसारखा वाळूचा नसतो. गुडघाभर चिखल असतो, आणि कमळाचे व शिंगाड्याचे देंठ पायांभोंवतीं गुंडाळतात. चांगले पोहणारेहि तेथें अडकतात. तुडुमाजवळ, म्हणजे शेतांकडे पाणी सोडण्याचें तोंड जेथें असतें तेथें, पाणी खोल असून ओढहि असते. त्या जागीं कधींहि बसूं नये. अडकलेला गळ सोडविण्यासाठीं पाण्यांत उतरूं नये. एका गळापेक्षां मुलगा मोलाचा, हें लिहावें लागूं नये. परंतु असे प्रसंग याच मोहानें घडतात.

एकट्यानें जाऊं नये. बरोबर एक जाणता माणूस असावा. पाळीवरच्या गवतांत व दगडांत साप असतात, म्हणून बूट घालावे व पुढें काठी आपटीत जावें. मासे पळतील म्हणून बसावयाच्या जागेपासून दूर असतांनाच हें करावें. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडितां रुग्णालय गांठावें. पिण्याचें पाणी, टोपी, भाकरी व जखमेवर बांधण्यास स्वच्छ फडकें इतकें घेतलें म्हणजे पिशवी पूर्ण झाली. घंटा वाजविणारीं यंत्रें, रंगीबेरंगी आमिषें, चार-चार काठ्या, घडीच्या खुर्च्या यांवांचून आपल्या तलावांवर कांहीं अडत नाहीं.

त्या वृद्ध धिवरांकडे मी पुढें पुष्कळदां गेलों. गळ कसा बांधावा, वारा कोणत्या बाजूचा असतां कोठें बसावें, हें मला त्यांनींच दाखविलें. पुडीचा विषय त्यांनीं पुन्हां कधीं काढिला नाहीं, आणि माझीहि काढण्याची छाती झाली नाहीं. आतां ते नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत तलावावर अवश्य जा. सुटी संपून शाळेंत आलांत म्हणजे मासे किती धरले हें मी विचारणार नाहीं. गळ किती नेले होते व त्यांपैकीं किती परत आणिले, एवढेंच विचारीन.